सुतकातले जाळे

"मंग सोडायचाच व्हता, तर धरला कशाला?"

आबा खोकायला लागले. पंडितने फोन कानापासून जरा दूर धरला आणि पेट्रोल पंपाच्या काचेवर चिकटवलेल्या अस्वलाच्या चित्राकडे पाहत तो खोकला ओसरण्याची वाट पाहू लागला. डोंगरात शिरण्यापूर्वीचा हा शेवटचा पंप. इथून तीन मैलांवर फोनची रेंज संपत असे. दर शनिवारी पहाटे चारला तो अमेरिकेतल्या कॅरी गावाहून निघे, आठच्या सुमारास इथे पोहोचे, कॉफी घेई आणि इंदापूरकडच्या भोईवस्तीत वडिलांना फोन लावी. तिथे तेव्हा संध्याकाळ झालेली असे, आणि डायलिसिसचा दिवस नसेल तर आबा ओट्यावर बसलेले असत.

"इथं तसाच नियम आहे आबा. धरायचा, बघायचा, सोडायचा."

"आन मागल्या खेपेचा? त्यो मेला म्हनला व्हतास."

"मेला. यंदा पाऊस नाही, पाणी तापलंय. हातात धरून बसलो, पण शुद्धीवर नाही आला."

"मंग? खाल्ला का न्हाई?"

"मेलेलाही सोडावा लागतो."

 आबा हसले. कोरडे, छातीतल्या छातीत. "बारक्याला सोडावा, वाढायचा असतो त्यो. मेलेल्याला सोडून कुनाचं भलं करतूस रं पंड्या? उपाशी जिवाला फशिवलं, आन वर टाकून दिलं."

फोन थोरल्या भावाकडे, मोरेश्वरदादाकडे गेला. दादा लांब जाऊन बोलत असावा. मागचा कोंबड्यांचा आवाज पुसट झाला. "ते काय तुला ये म्हननार न्हाईत. मी म्हनतोय. कवा येतूस?"

"कागद आला की लगेच."

"कसला कागद येवडा?"

पंडितने पुन्हा एकदा समजावले. ग्रीन कार्डाचा अर्ज या महिन्यात गेला आहे. प्रवासाचा परवाना हाती येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकले, तर अर्ज बुडेल असे वकिलाने बजावले आहे. सात वर्षांची रांग आहे. बायको नीलांबरीचे आणि लेक मैत्रीचे अर्ज त्याच्याच अर्जाला बांधलेले आहेत.

"बरं," दादा म्हणाला. "आबाला सांगतो, कागद यायचाय म्हनून."

त्या 'बरं'मध्ये राग असता तर पंडितला तो सोसला असता.

*

डोंगरातल्या ओढ्याचे पात्र त्या वर्षी म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे झाले होते. शिरा तेवढ्या उरलेल्या. काठचे हेमलॉक वृक्ष कसल्याशा किडीने उभेच्या उभे वाळले होते. त्यांच्या राखाडी फांद्यांवरून खंड्या खाली सूर मारी आणि रिकाम्या चोचीने परत येई. पंडित गुडघाभर पाण्यात उभा राही. मोराच्या पिसाचे तंतू आणि तांबडा धागा गळावर गुंडाळून त्याने घरी रात्ररात्र बसून खोट्या माश्या बांधल्या होत्या. मोरपीस नीलांबरीच्या देवघरातले. दोर मागे जाई, हवेत क्षणभर सरळ होई, आणि मग ती माशी पाण्यावर अशी उतरे की जणू तिला कोणी पाठवलेच नव्हते.

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्याच्या सदऱ्यांना मासळीचा वास येतो, असे खोलीतला जोडीदार हसत म्हणाला होता. त्या दिवाळीत घरी गेल्यावर पंडितने आबांचे जाळे उचलायला नकार दिला.  आबा एकटेच उजनीच्या पाण्यात होडी घेऊन गेले. त्यानंतर एकोणीस वर्षे पंडितने पाण्याला हात लावला नाही. आणि मग इथे, नोकरी सोडून जाणाऱ्या एका सहकाऱ्याने त्याला आपला मासे धरायचा जुना रॉड दिला, आणि कळले की याच गोष्टीला इथे प्रतिष्ठा आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत यतीन कुलकर्णीने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली होती: "फ्लाय फिशिंग? काय यार, एकदम साहेबी शौक! आम्हाला पण शिकव की. शिकलास कुठे?"

"पुस्तकातून," पंडित म्हणाला होता.

ते खोटे होते. पुस्तकात लिहिले होते की माशाला स्पर्श करण्यापूर्वी हात ओले करावेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे सडून मरतो. ते वाक्य वाचताना त्याला आठ वर्षांचा पंड्या दिसला. मुठीत चिलापी माशाचे पोर, आणि मागून आबांचा आवाज: हात वला कर आधी. कोरड्या हातानं जीव भाजतो त्येचा.

*

सप्टेंबरात एल्क हरणांचे नर दरीत ओरडू लागले. ती हाक शिळेसारखी सुरू होई आणि कण्हण्यासारखी संपे. एकदा अस्वलाची मादी दोन पिल्ले घेऊन समोरच्या काठावर आली, पंडितकडे पाहिले, आणि त्याची दखल घेण्यासारखे काही नाही असे ठरवून पाणी प्याली. त्याला ते बरे वाटले. आठवडाभर फायली, सर्व्हर, मीटिंगा. रोज संध्याकाळी टपालपेटी उघडून पाहणे. इथे त्याच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती.

"तू जा," नीलांबरी एका रात्री भांडी विसळता विसळता म्हणाली. "बुडाला अर्ज तर बुडाला. परत जाऊ पुण्याला. मरत नाही कोणी."

"मैत्रीची शाळा?"

"मैत्रीचं नाव पुढे करू नकोस. मी सांगतेय ना, जा म्हणून."

"लॉयर नाही म्हणतोय."

तिने नळ बंद केला. "लॉयरचे वडील आजारी नाहीयेत, पंडित."

 त्या शनिवारी तो तासभर आधीच निघाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी रात्री आठ वाजता दादाचा फोन आला. तिकडे पहाट होती. "डायलिशीस बंद केलंय. दागदर म्हनले, घरी न्या. आज-उद्याचं हाय. तू नुसता फोनजवळ ऱ्हा. शेवटला कानाला लावतो त्येंच्या, काय बोलायचं ते बोल."

पंडित हो म्हणाला. तो रात्रभर दिवाणखान्यात बसून होता. समोर टीपॉयवर फोन, काळा, मुका. आयुष्यात आबांशी तो जे काही बोलला होता त्यात नियम होते, कागद होते, पाण्याचे तापमान होते. शेवटी त्यांच्या कानात घालण्याजोगा एकही शब्द त्याला त्या रात्रीत सापडला नाही. पहाटे त्याने रॉड उचलला.

नीलांबरी दारात आली. "आज नको ना जाऊस. प्लीज."

"फोन बरोबर आहे माझ्या."

"तिथे रेंज नसते."

"पंपापर्यंत असते."

पंपावर तो थांबला. कॉफी घेतली नाही. फोन हातात धरून गाडीत बसून राहिला. रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या. अजून तीन मैल त्या तशाच राहिल्या असत्या, मग एकेक करून गेल्या असत्या, आणि तो म्हणू शकला असता की डोंगराने फोन तोडला. त्याने तो तिथेच बंद केला आणि गाडीच्या कप्प्यात ठेवला.

आणि त्या दोन दिवसांत ओढ्याने त्याला साऱ्या मोसमात दिले नव्हते ते दिले. पाणी निवले होते. ट्राउट माशांच्या नरांची पोटे शेंदरी झाली होती, परांच्या कडा चुन्याने रेखल्यासारख्या पांढऱ्या. माशी टेकताच पाणी फुटे. पंडित हात ओले करी, गळ सोडवी, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरी, आणि तो तळव्यातून निसटे. एकामागून एक. रात्र त्याने गाडीतच काढली. रविवारी सकाळी, एक मासा सोडताना, आपण गाणे गुणगुणत आहोत हे त्याच्या ध्यानात आले. तो गप्प झाला. मग पुन्हा दोर फेकला.

*

दुपारी पंपावर त्याने फोन सुरू केला. चौदा कॉल येऊन गेले होते. त्याने दादाला लावला. तिकडे रात्र बरीच झालेली असूनही दादाने पहिल्याच घंटीला उचलला.

"काल सांजच्याला गेले. सा वाजता," दादा म्हणाला. आवाज बसला होता. "रातीच न्हेलं. तुजी वाट कशी बघनार?"

"दादा..."

"कानाला फोन लावून धरला व्हता रं मी. तुजी ती बाई विंग्रजीतून बोलत व्हती, मानूस भेटत न्हाई म्हनून. आबा आयकत व्हते. त्येंला वाटलं, तुजी बायकू बोलतीया. मान हालवली."

पंडितने गाडीचे दार धरले.

"आई बरी हाय. सासरहून दीपा आन भाऊजी आल्यात. वस्तीनं सुतक पाळलंय. काल सांजपासून यकानंबी जाळं पान्यात घातलं न्हाई. धा दिस घालनार बी न्हाईत. गिऱ्हाईक येऊन माघारी चाललंय, पन चाळीस घरांची जाळी वाळत हायती. पार बंधाऱ्यापतूर. बघायला पायजे व्हतास." दादा थांबला. "कुटं व्हतास तू?"

ऑफिस हा शब्द पंडितच्या जिभेवर तयार होता. मीटिंग होती. बॅटरी संपली. इस्पितळ, मैत्रीचा ताप. एवढ्या वर्षांत दादाने त्याच्या एकाही सबबीची शहानिशा केली नव्हती; आताही करणार नव्हता.

"पाण्यात," तो म्हणाला.

"काय?"

"मासे धरत होतो. काल, आज. फोन मीच बंद केला होता."

पलीकडे कोणीतरी दादाला चहा विचारत होते. दादाने नको म्हटले. मग अगदी हलक्या आवाजात तो म्हणाला, "आईला सांगू नगंस." आणि फोन ठेवला.

*

घरी आल्यावर पंडितने नीलांबरीच्या नजरेला नजर न देता आंघोळ केली. गळाला लागलेला मासा उचलायचे लाकडी कड्याचे छोटे हातजाळे त्याने धुतले आणि बाल्कनीच्या कठड्याला, खिळा नव्हता म्हणून बुटाच्या नाडीने, बांधून टाकले. नीलांबरी दाराच्या काचेतून पाहत होती.  आठवडाभर ती त्याच्याशी जरुरीपुरतेच बोलली. पुढच्या शनिवारी पहाटे तो सवयीने चारला उठला आणि उजाडेपर्यंत बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून राहिला.

परवाना अकराव्या दिवशी आला. मैत्रीने टपालपेटीतून लिफाफा आणून दिला. सरकारी, पातळ. त्याला वाटले होते त्याहून कितीतरी हलका. नीलांबरीने तो त्याच्या हातून घेतला, फोडला, वाचला.

"एक वर्षाचा आहे," ती म्हणाली. "हवं तेव्हा जाता येईल."

भीमेकाठी आता रात्र होती. चाळीस घरांची जाळी सकाळीच पाण्यात पडली असतील; नवव्याला नाही, दहाव्याला नाही, आज. दादाची सर्वांत आधी. पंडित बाल्कनीत आला.

मैत्री त्याच्या मागून आली. तिने कठड्यावरच्या जाळ्यात हात घातला, बोटे पसरून पाहिली.

"बाबा, इट्स ड्राय. यू कॅन टेक इट डाउन नाऊ."

"राहू दे," पंडित म्हणाला.

तिने खांदे उडवले आणि ती आत गेली. नाडीची एक गाठ सैल झाली होती. त्याने ती सोडवली आणि पुन्हा, अधिक घट्ट, बांधली.