नाक्यावरच्या चोपड्यातले दोन भारे

मी जंगलनाक्यावरचा चोपडा बोलतोय. जाडजूड, लाल खारव्याच्या कापडी पुठ्ठ्याचा. मी शाळेत गेलेलो नाही. माझ्या अंगावर हजारो ओळी आहेत, पण त्यातली एकही मला वाचता येत नाही. वर कुणी मोठ्यानं वाचलं तेवढंच मला कळतं. म्हणून जरा सावकाश सांगतो, ऐकून घ्या.

जव्हारात राजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. एकोणीसशे आठ साल असेल. बाजारातल्या एका बांधणाऱ्यानं मला शिवलं आणि मोखाड्याच्या वाटेवरच्या नाक्यावर पाठवलं. तिथं नवशा नावाचा नाकेदार होता. मन लोण्यासारखं आणि अक्षर कोंबडीच्या पायासारखं. वरून हुकूम होता की बांबू, लाकूड, मध, डिंक, जे जाईल ते लिहायचं. मालाचा धनी कोण, भारे किती, गेला कधी, परतला कधी.

वेळ लिही म्हणणाऱ्यांनी घड्याळ मात्र धाडलं नव्हतं. नवशा अडला नाही. तो लिहायचा, 'कोंबडा आरवताना', 'कोवळं ऊन', 'सावली पायात', 'दिवेलागण'. एकदा तर त्यानं 'माझी भाकर करपली तेव्हा' असंही लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबानं न वाचताच खाली सही ठोकली.

आणि हुकमात 'मालाचा धनी' म्हटलं होतं, म्हणून नवशा धन्याचंच नाव लिहायचा. भारा ज्याच्या डोक्यावर असेल त्याचं नाही. डोकं कुणाचं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

अशी आठ वर्षं गेली. बांबू, बांबू, मध, बांबू. दुपारी नवशा मला उशाला घ्यायचा. तेवढाच माझा मान. मग पाठची दोन-तीन पानं कोरी असतानाच मला जव्हारच्या दप्तरखान्यात बोलावलं आणि एका डगमगत्या कपाटाच्या पायाखाली सरकवलं.

त्याच महिन्यात तिथं एक मास्तर येऊ लागले. दरबारानं त्यांना संस्थानाची बखर लिहायला सांगितली होती. सगळे त्यांना बखरमास्तरच म्हणत. त्यांना हव्या होत्या लढाया. त्यांनी कागदांची सगळी बासनं सोडली. वाळवीनं त्यांच्याआधी वाचून संपवलेली. शेवटी त्यांनी मला कपाटाखालून ओढलं, कपाट त्यांच्या खांद्यावर कललं, आणि मला उघडून ते तिसऱ्या ओळीला घोरू लागले.

पण माणूस चिवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले, आणि मलाही माझं पोट पहिल्यांदा ऐकू आलं.

चौथ्या दिवशी ते एका नावापाशी थबकले. जिवा. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. पहिली तीन वर्षं दर बाजाराला त्याची एकच ओळ: जिवा, बांबू, भारा एक, गेला कोवळ्या उन्हात, परतला दिवेलागणीला. आणि मग एका मार्गशीर्षापासून तोच जिवा दोन भारे घेऊन कोंबडा आरवताना जातोय आणि सावली पायात असताना परततोय. पाच वर्षं. एक बाजार चुकला नाही.

बखरमास्तर चष्मा पुसत म्हणाले, या संस्थानात एक माणूस उलटा जगतोय, वर्षागणिक तरुण होतोय. मला काखेत मारून ते नाक्यावर निघाले. त्यांना वाटलं, बखरीला वीर मिळाला.

नवशानं वीर दाखवायला त्यांना पाड्यावर नेलं. जिवा ओट्यावर बसला होता, सुजलेला गुडघा हातात धरून. भोवती पंच जमले होते. भांडण जोरात होतं.

भांडण असं. ज्या पोराकडं मुलीच्या घरी द्यायला काही नसेल, त्यानं सासऱ्याकडं पाच पावसाळे राबायचं, मग लग्न, हा तिथला रिवाज. बुध्या हा पोर जिवाच्या रुपीसाठी असा राबत होता. बुध्या म्हणे पाच झाले. जिवा म्हणे तीनच, अजून दोन बाकी. त्याआधीचे सगळे बांबू म्हणे जिवानं स्वतः वाहिले.

पंचांनी आठवून पाहिलं. एक म्हणाला, वाघानं म्हैस नेली त्या साली बुध्या आला. दुसरा म्हणाला, बरोबर, पण कोणत्या वाघानं. तिसऱ्याची म्हैस होती, त्याला तो वाघच आठवेना, म्हैस तेवढी आठवत होती. सकाळपासून एवढंच ठरलं होतं की म्हैस चांगली होती.

रुपी खांबाला टेकून उभी होती. तिचं वय चाललं होतं. पंचांनी तीन म्हटलं असतं, तर आणखी दोन पावसाळे तिला तशीच उभी राहायचं होतं.

बखरमास्तरांनी मला मांडीवर उघडलं आणि वाचायला लागले. पहिल्या तीन वर्षांचं 'परतला दिवेलागणीला' ऐकलं तशी बायकांत खुसखूस सुरू झाली. वाटेवर कलालाचं दारूचं दुकान होतं, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, बाकी सगळ्यांना होतं. मग दोन भाऱ्यांची ओळ आली. नवशा दर मार्गशीर्षाला एक खडा ठेवत गेला. पाच खडे झाले.

जिवा म्हणाला, "नाव माजं हाय ना? मंग मीच गेलो."

"मग मधली दोन वर्षं तुम्ही दिवेलागणीऐवजी दुपारीच कसे परतलात?" मास्तरांनी अगदी खरं विचारलं.

लोक हसू लागले. जिवाही गालात हसला, पण कबूल होईना.

तेव्हा रुपी बोलली. "बा, गुडघा कंदी गेला तुजा? त्या मार्गशीर्षातच ना? लंगड्या पायानं दोन भारं घेऊन सावली पायात यायचास? तर आज चालून दाखव."

जिवानं पाचवा खडा उचलला आणि परत जागेवर ठेवला. मग हळूच म्हणाला, "पाच तर पाच. दोन पावसाळं अजून घरात भांडायला कोन तरी असतं, म्हून बोललो."

पंचांनी पाच धरले. लग्न ठरलं.

परतताना बखरमास्तर नवशाला सांगत होते. एकेक ओळ वाचली तर झोप येते, पण शंभर ओळी एकाखाली एक ठेवल्या की माणूस चालताना दिसतो. नवशाला ते पटलं की नाही, माहीत नाही. तो म्हणाला, चोपडा ठेवून जा, पाठची पानं कोरी हायत.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी रुपी नाक्यावरून चालली होती, हातांवर ओली हळद. तिनं नवशाला विचारलं, यात माझा बुध्या कुठं लिवलाय. नवशा ओशाळला. म्हणाला, "नाव नाय गं लिवलं. जिथं जिथं दोन दिसतील, तिथं तो."

त्यानं तिला दोनचा आकडा बोटानं काढून दाखवला. मग ती खाली बसली आणि एकेक पान उलटत प्रत्येक दोनवर बोट टेकवत गेली. ऊन कलेपर्यंत.

आता मी पुन्हा दप्तरखान्यात आहे. बखरीत माझं काय झालं, कुणी सांगितलं नाही. कडा कुरतडल्यात, खारवा विटलाय. कधीतरी कुणी मला उघडेल आणि पानापानांवर पिवळे डाग दिसतील. चोपडा खराब झाला म्हणून टाकू नका, बाबांनो. नवशानं जे नाव लिहिलं नाही, ते तिथं आहे.