सिग्नलला बंद न पडणारं इंजिन

नव्या ट्रकचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. सिग्नलला थांबलो रे थांबलो, की इंजिन आपोआप बंद. ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा चालू.

"डिझेल वाचतं, बाबा," मुलगी म्हणाली. ट्रक तिचा, धंदा तिचा. मी नुसता चालवणारा. तिने बजावलं होतं, "बॅटरी कमजोर झाली की इंजिन सिग्नलला बंद व्हायचं सोडून देतं. पुन्हा चालू करायची ताकद उरलेली नसते ना, म्हणून. तसं झालं की लगेच मला सांगायचं. आणि आता आणखी काही लपवलंत, तर चावी माझ्याकडे."

आणखी म्हणजे काय, तर एकदा आरसा खांबाला घासला होता आणि मी तिला बोललो नव्हतो. एवढंसं, पण ती विसरायला तयार नाही. आता चावी गेली तर मी घरी बसून काय करू, माश्या मारू? चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलंय.

मागच्या सोमवारी इंजिन सिग्नलला बंद पडलंच नाही. धडधडत राहिलं. मंगळवारीही तेच. मी तोंडाला कुलूप लावलं.

कारण सांगतो, हसू नका. माझ्या जुन्या ट्रकची बॅटरी जन्माची रडकी. इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा चालू होईल याचा नेम नाही. म्हणून ते दिवसभर चालूच ठेवायचं. थांबायचंच झालं तर उतारावर. गाडी सोडून दिली, गिअर टाकला की काम फत्ते. उतार हुडकायची जबाबदारी आमच्या हिची. शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची, मांडीवर ही पोर. इंजिनाच्या आवाजात ती ओरडून बोलायची आणि मी ओरडून 'हो' म्हणायचो. निम्मं ऐकूच यायचं नाही. कशाला हो म्हणालो ते घरी गेल्यावर कळायचं. काय दिवस होते ते!

ती जाऊन तीन वर्षं झाली. इंजिन बंद पडलं की केबिनमध्ये अशी शांतता होते, की शेजारची सीट रिकामी आहे हे लपत नाही. चालू असलं की वाटतं, ती बोलतेय काहीतरी, मलाच ऐकू येत नाहीये.

गुरुवारी शाळेची बाकं गोदामात पोचवायची होती. सवयीप्रमाणे फाटकाजवळच्या उतारावर ट्रक लावला आणि सहीसाठी इंजिन बंद केलं. परत येऊन चालू करायला गेलो, तर नुसतं टक्. पुन्हा टक्.

"घाबरू नका, उतारावर लावलाय," मी वॉचमनला ऐटीत म्हणालो. ब्रेक सोडायला हात नेला आणि डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा, याचे गिअर ऑटोमॅटिक! हा कसला उतारावर चालू होतोय! मागे चार गाड्या हॉर्न मारतायत, वॉचमन दात काढतोय. माझी पार शोभा झाली.

मुलीला फोन लावला. 'अचानक गेली' म्हटलं असतं तर सहज खपलं असतं. जीभ तिकडे वळतही होती. पण तिचा "हॅलो, बाबा?" ऐकला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"बॅटरी गेली. सोमवारपासून माहीत होतं मला," मी म्हणालो.

ती छोटा टेम्पो घेऊन आली, केबल जोडून ट्रक चालू करून दिला. पुढे टेम्पो, मागे मी, असे बॅटरीच्या दुकानात गेलो. नवी बॅटरी बसल्यावर तिने पैसे दिले. मग हात पुढे केला. "चावी."

दिली.

"का नाही सांगितलंत?"

मग सांगितलं, तिच्या आईचं सगळं. तिने चावीवरून अंगठा फिरवला.

"डॅशबोर्डवर एक बटण आहे," ती म्हणाली. "ते दाबलं की इंजिन सिग्नलला बंद होत नाही. डिझेलपायी मी तुम्हाला दाखवलंच नव्हतं. म्हणजे मीही लपवलंच की."

चावी माझ्या हातावर ठेवून ती पलीकडून वर चढली. "टेम्पो राहू दे इथेच. चला." आणि पाय वर घेऊन बसली.

पहिल्या सिग्नलला मी बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात इंजिन बंद पडलं. ती बोलतच होती, मागच्या टायरबद्दल, तश्शीच ओरडून. ट्रकमध्ये वाढलेली पोर. शेजारचा स्कूटरवाला वळून बघायला लागला.

"अगं, हळू," मी बोट मागे घेत म्हणालो. "सगळं ऐकू येतंय."