न मारलेला दगड

वळखेडच्या पाण्याच्या टाकीचं काम पुरं झालं ते ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात. मुळशीचं धरण उशाला असूनही फाल्गुन सरला की या गावात ओढ्यातला झिरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरावा लागे. टाकीमुळे ते हाल संपणार होते. नळ वरच्या आळीत गेले, मधल्या आळीत फिरले आणि मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबले. तिथून बुद्धवाडी जेमतेम दीडशे पावलं. नकाशात तिथवर पाइप दाखवला होता, जमिनीत मात्र तो नव्हता.

उद्घाटनाला सभापती येणार असं कळल्यावर बुद्धवाडीतली चांगुणा चार दिवस घरोघर फिरली. चाळिशीची, अंगानं किरकोळ, बोलायला हळू. तिचा नवरा आनंदा उरवड्याच्या एका कारखान्यात हमालीला जायचा. बायकांचं एकमत होईना. तिची जाऊ गंगूबाई म्हणाली, सभापतीच्या मोटारीपुढं हंडे आपटू. दुसरी म्हणाली, शिव्या घालू. चांगुणाचं म्हणणं एकच, की नुसतं बसायचं, रिकामा हंडा पुढ्यात ठेवायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आरडाओरडा केला तर बोलण्याचंच निमित्त होईल आणि पाणी राहील बाजूला. शेवटी अकरा जणी कबूल झाल्या. गंगूबाईसुद्धा पुटपुटत का होईना, आली.

त्या दिवशी दहाच्या सुमारास त्या पंचायतीच्या कचेरीसमोर बसल्या. बसायला सावली म्हणून चांगुणा भिंतीला टेकली, नेमकी खिडकीखाली. गावातली माणसं जमली, कुजबुजली, पण बायका हलल्या नाहीत. तेवढ्यात पुण्याहून आलेली पेपरवाल्यांची जीप कचेरीपाशी येऊन थांबली आणि आतल्या ग्रामसेवकाची धांदल उडाली. पाहुण्यांना आतून बायका दिसू नयेत म्हणून त्यानं धाडकन खिडकी ओढली. तावदान जुनं, काच धरून ठेवणारी लांबी वाळून गळून पडलेली. काच सुटली आणि बाहेर कोसळली. चांगुणानं वर पाहिलं आणि डोकं वाचवायला हात उचलला. कोपरापासून मनगटापर्यंत हात फाटला.

कचेरीच्या ओट्यावर हैबतराव उभे होते. गावातले मोठे शेतकरी, पंचायतीचे पंच, वागायला सरळ माणूस. तेच आधी धावले. स्वतःचं उपरणं टरकावून त्यांनी चांगुणाचा हात बांधला आणि खिडकीकडे बघून ग्रामसेवकाला म्हणाले, “आरं, हळू लावायला काय झालं व्हतं?” हे अकराही जणींनी ऐकलं, ओट्यावरच्या माणसांनी ऐकलं. जीपमधून उतरलेल्या फोटोग्राफरनं तोवर दोनदा कॅमेरा दाबला होता. सभापती देवळापाशी आले, नळ सोडला, टाळ्या झाल्या, मोटारी गेल्या. बायका ऊन उतरेपर्यंत बसल्या आणि मग हंडे उचलून घरी आल्या. हात ठणकत होता, तरी चांगुणाला मनातून बरं वाटत होतं. अकरा जणी दिवसभर एका जागी गप्प बसल्या, हे वळखेडमध्ये कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जयवंत पौडहून पेपर घेऊन आला. वाडीतला तो एकटाच कॉलेजात शिकत होता. चांगुणाच्या अंगणात उभ्यानंच त्यानं वाचून दाखवलं. वळखेडला उद्घाटनप्रसंगी दगडफेक, कचेरीची तोडफोड, सभापती बचावले. वर फोटो, त्यात हात उगारलेली चांगुणा. खाली लिहिलं होतं, दगड भिरकावताना महिला.

चांगुणाला आधी हसूच आलं. तिनं फोटो उन्हात धरून पाहिला. हातापाशी काळा ठिपका होता. तो काचेचा तुकडा होता की छापताना सांडलेली शाई, कोण सांगणार.

“ह्यात दगड कुटं हाय रं?” तिनं विचारलं.

“काकी, खाली लिवलंय ना,” जयवंत म्हणाला. “म्हंजी लोकांना दिसनारच.”

आठवड्याभरात हवालदार येऊन अकरा जणींची नावं लिहून घेऊन गेला. कारखान्यात कुणीतरी तो पेपर नेला होता. मुकादमानं आनंदाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आनंदा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.  दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन दुसऱ्याच्या बांधावर कामाला गेला.

चांगुणा हैबतरावांकडे गेली. ते गोठ्यासमोर बसले होते. त्यांनी तिला ओसरीवर नाही बोलावलं, पण उठून अंगणात आले. म्हणाले, मी स्वतः बघितलंय, जिथं सांगशील तिथं सांगतो. जयवंतनं पेपरला पत्र लिहिलं. काच आतून फुटली, दगड कुणीही मारला नाही, महिला शांतपणे बसल्या होत्या. खाली पहिली सही हैबतरावांची. सही करताना ते म्हणाले, “खरं हाय ते हाय. त्येला भ्यायचं काय?” ते शब्द चांगुणाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले.

पत्र छापून येईना, म्हणून जयवंत आणि ती एसटीनं पुण्याला गेली. पेपरच्या कचेरीत एका चष्मेवाल्या गृहस्थानं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला. माणूस वाईट नव्हता. हातावरचा व्रण बघून तो हळहळलाही. म्हणाला, बातमी आमच्या माणसानं पाठवली, आम्ही तिथं नव्हतो, तुमचा खुलासा अवश्य छापू. पंधरवड्यानं खुलासा आला, सातव्या पानावर, धान्याच्या भावांखाली. मथळा होता, ‘दगडफेकीमागे हेतू नव्हता, वळखेडच्या महिलांचा खुलासा’. पत्रातल्या चौदा ओळींपैकी तीनच उरल्या होत्या. जयवंतनं तो पेपर चुरगळून फेकला. चांगुणानं उचलून सरळ केला, चूल पेटवायला ठेवला.

भाताची आवणी उरकून पाऊस सरत आला तेव्हा हवालदार पुन्हा आला, जबान्या घ्यायला. चावडीत बसून त्यानं एकेकाला विचारलं. हैबतराव बाहेर आले तेव्हा गावभर झालं, की त्यांनी दगड पाहिल्याचं सांगितलं. चांगुणाचा विश्वास बसेना. ती चिखलातनं तशीच त्यांच्या खाचरावर गेली.

“आबा, तुमी दगड म्हनालात?”

हैबतरावांनी तिच्याकडे पाहिलं. नजर चोरली नाही, आणि तिला त्याचीच भीती वाटली. ते म्हणाले, “चांगुणे, म्या लई इचार केला. मला दगड आठवतुया.”

“काच आतनं पडली. तुमीच त्येला वरडला, हळू लाव म्हनून. माजा हात बांधला तुमी.”

“हात बांधला, ते खरं हाय. पर काच उगी कशी फुटंल? दगडानंच फुटली असंल.”

कुणी त्यांना दम दिला असता, लालूच दाखवली असती, तर तिला समजलं असतं. तसं काही घडलं नव्हतं. पावसाळाभर चावडीत तो पेपर हातोहात फिरला, रोज कुणीतरी वाचला, रोज कुणीतरी त्यात भर घातली, आणि ऐकता ऐकता हैबतरावांच्या डोळ्यांपुढं दगड उभा राहिला. ते खोटं बोलत नव्हते. सही केली तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. चांगुणा बांधावरून परतताना त्यांची बायको रंभाबाई आडवी आली. हळूच म्हणाली, “मला ठावं हाय गं, न्हाई मारलास तू. पर चार मान्सांत मला इचारू नगंस.” आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन पुढे गेली.

पुढच्या वर्षी जयंतीला वाडीत मंडप घातला. जयवंतचे पुण्याचे मित्र आले होते. त्यांनी पत्रकं छापून आणली होती. पत्रकावर तोच फोटो, आता मोठा केलेला, आणि काळ्या ठिपक्याला कुणीतरी पेनानं गोलाई देऊन चांगला दगड केलेला. खाली होतं, पाण्यासाठी दगड उचलणारी माय. चांगुणाला मंचावर बोलावून हार घातला. बोला म्हणून माइक पुढे केला. ती जन्मात कधी माइकवर बोलली नव्हती.

“म्या दगड मारला न्हाई,” ती म्हणाली. “आमी नुसत्या बसलो व्हतो.”

 मग जयवंतनं हसत माइक घेतला आणि सांगितलं की काकींवर खटला चालू आहे, त्यांना असंच बोलावं लागणार. मंडपात हशा पिकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या आत्तापर्यंतच्या आयुष्यात तिच्यासाठी एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

सभा सुटल्यावर तिनं जयवंतला बाजूला घेतलं. पत्र तूच लिहिलंस, आणि आता तूच असं म्हणतोस, असं ती म्हणाली. जयवंतला वाईट वाटलं, पण तो मागे हटला नाही. “काकी, खोटं त्यांनी छापलं. तेच खोटं आता आपल्या कामाला येतंय. हा फोटो बघून पोरं पेटून उठत्यात. आपल्या आयाबायांच्या पोटात राग हाय, त्यो दिसाया नको?”

“राग हाय. पर दगड न्हवता,” चांगुणा म्हणाली. “बसायचं ठरवाया आमाला चार दिस लागलं. गंगूला गप करता करता माजा जीव गेला. त्ये कुनालाच नको झालंय व्हय? त्यास्नी नको, तुमालाबी नको?”

 मित्रांची गाडी निघत होती, जयवंत तिकडे गेला.

वैशाखात झिरा पुन्हा आटला. नळ देवळापाशीच होते. चांगुणा पुन्हा घरोघर फिरली, बसू या म्हणून. या वेळी बायका पटकन तयार झाल्या, अकराच्या ऐवजी बावीस. तिला नवल वाटलं, आशाही वाटली. कचेरीसमोर त्या आल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की गंगूबाईचा हंडा उचलताना जड जातोय.

“ह्यात काय हाय?” तिनं विचारलं.

“तुला ठावं न्हाई व्हय,” गंगूबाई म्हणाली. “मागल्या टायमाला तू दगड मारलास म्हनून तर फोटो आला, हार पडला, नाव झालं. नुसतं बसून काय व्हतंय?”

“गंगे, तू माज्या शेजारीच बसली व्हतीस.”

“व्हय की,” गंगूबाई म्हणाली. “म्या बगितलंय न्हवं.”

तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, खरंखुरं. चांगुणानं तिचा हंडा धरला, गंगूबाईनं ओढला, आणि दगड बाहेर पडले. पहिला दगड कुणी मारला ते चांगुणाला दिसलं नाही. मग सगळ्याच खिडक्या फुटल्या. कचेरीमागे पोलिसांची गाडी आधीपासूनच उभी होती. चांगुणा तेवढी जागची हलली नाही, हंडा पुढ्यात घेऊन बसून राहिली, म्हणून पहिल्या लाठ्या तिलाच बसल्या. गंगूबाईचं मनगट मोडलं. एका पोरसवदा सुनेचं डोकं फुटलं, तिला पुण्याला ससूनला न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी होत्या, फोटो नव्हता. वळखेडला पुन्हा दगडफेक, चौदा महिलांना अटक. जयवंत दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं घडी घातली आणि हळूच म्हणाला, या खेपेला सगळं खरं छापलंय. तो रडत होता.

जामिनावर सुटून आल्यावर चांगुणानं पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही. गंगूबाईचा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून तिच्या घरचं पाणीही आता चांगुणाच आणी. पहाट फुटता फुटता ती दोन हंडे घेऊन ओढ्यात उतरे, गुडघ्यावर बसून वाळू उपसे आणि पाणी वर यायची वाट बघे.