चौथी काच

काचेची पट्टी सहा सेंटिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर जाड होती. जिन्याखालच्या भिंतीतल्या तड्यावर ती आडवी चिकटवलेली. भिंत जागची हलली नाही तर काच शाबूत राहते, हलली तर तुटते. आज तिच्यावर केसाएवढी रेघ होती. इंजिनियरबाईंनी त्यावरून नख फिरवलं. अडकलं.

ही चौथी पट्टी. पहिली तडकली तेव्हा बाईंनी इंग्रजी रिपोर्टात 'पॉसिबली' लिहिलं. म्हणजे, ऑफिसच्या नियमाप्रमाणे, तीन महिन्यांनी पुन्हा बघा. दुसरीला 'प्रॉबेबली', दर आठवड्याला बघा. तिसरीला खरं तर 'सर्टनली' लिहायला हवं होतं, पण त्या शब्दामागोमाग त्याच दिवशी कुलूप येतं. आणि वरच्या मजल्यावर वहिनींचा शिवणाचा कारखाना होता. अकरा मशिनी, अकरा बायका, निम्मी झालेली ऑर्डर. बाईंनी पुन्हा 'प्रॉबेबली'च लिहिलं होतं.

"काय वन्सं, काय म्हणते भिंत?" गळ्यात टेप अडकवलेल्या वहिनी जिना उतरत म्हणाल्या. "तुमच्या भावाचं 'बघू' आणि तुमचं 'प्रॉबेबली'. एकाच घराण्याचा माल!"

बाईंना हसू आलं.

"त्यापेक्षा 'शुअरली' लिहून मोकळ्या व्हा. ऐकायला किती गोड!"

"गोडच आहे. समोरच्यानं मान डोलवावी म्हणून म्हणायचा शब्द तो. त्यात धीर मागितलेला असतो."

"मग 'डेफिनेटली'?"

"त्यात नुसता आवाज चढवता येतो. 'सर्टनली'ला पुरावा लागतो, वहिनी."

"आणि तो नाहीये अजून?"

वहिनींनी सहज विचारलं होतं. बाईंनी वही उघडली. पहिली काच टिकली नऊ महिने. दुसरी तीन महिने. तिसरी पाच आठवडे. ही बारा दिवस. आकडे आपल्याच अक्षरातले, स्वच्छ. शंकेला जागाच नव्हती. शंका त्यांनी स्वतः, वहिनींकडे बघून, उसनी आणली होती.

वर मशिनी एका लयीत चालल्या होत्या. काचेवरची रेघ त्या लयीत किंचित थरथरत होती.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, एकच शब्द लिहिला आणि वही मिटली.

"पुरावा आहे, वहिनी. मशिनी बंद करा आणि सगळ्यांना खाली बोलवा. इमारत आत्तापासून बंद."