माझ्यावर साड्या वाळत घालू नका

मी एक जुना वॉकर आहे, आणि आज मला जाम राग आलेला आहे. मित्रांनो, आधी माझं ऐकून घ्या, मग खुशाल मला चिडका म्हणा.

माझा जन्म नरडाण्याच्या एका लहान कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमचे चार पाय, त्यांना रबरी बूट, धरायला दोन मुठी, एवढाच माझा देह. धुळ्यातल्या एका मंडळाने मला घेतलं. गरजूंनी मला फुकट न्यायचं आणि काम झालं की परत आणायचं, अशी तिथली रीत. नेताना माझं कोण कौतुक! नंतर मात्र गरज सरो, वैद्य मरो. एका घरी तर माझ्या मुठीला लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या.

यंदा मी प्रेमकुंवरबाईंकडे आलो. कापड व्यापाऱ्याचं घर. बाई एकाहत्तर वर्षांच्या, खुब्याचा सांधा बदललेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चालल्या नाहीत तर पाय आखडेल, मग कायमचं अंथरूण." तरी घरात चालली होती काय, तर सेवा! मुलगा पारस त्यांना उचलून बसवायचा, सून चेलना घास भरवायची. "मम्मीजी, तुम्ही उठायचं नाही. आम्ही कशाला आहोत?" बाईंना पडायची भीती, त्यामुळे त्यांनाही ते बरंच वाटे. आणि मी कोपऱ्यात, अंगावर चेलनाच्या ओल्या साड्या. अस्सा संताप व्हायचा!

रोशनी नर्स रोज सकाळी यायची. सातपुड्याच्या पायथ्याकडची पोर, तोंडाने फटकळ. तिने गोडीने सांगितलं, रागावून सांगितलं. बाईंचं एकच, "उद्या बघू." असे दहा दिवस गेले. "बठ्ठा असाच शेतस," म्हणजे सगळे असेच, असं पुटपुटत ती माझ्यावरची साडी ओढून काढायची. तिची पाठ वळली की साडी पुन्हा माझ्या अंगावर.

एके सकाळी बाई हातात गोळी घेऊन घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. त्यांची नवकारशी होती. सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही.

"अक्का, हा नियम कधी मोडलात?" रोशनीने विचारलं.

"लग्नाआधीपासून एकदाही नाही."

"मग हात जोडा आणि अजून एक नियम घ्या. रोज वीस पावलं चालल्याशिवाय चहा नाही."

"धर्माची थट्टा करतेस?"

"थट्टा कसली? चातुर्मासात स्थानकात प्रवचनाला जायचंय ना? की तिथंही उचलून न्यायचं?"

जैन साधू उतरतात ते स्थानक चार घरांवर होतं, पण ऑपरेशन झाल्यापासून बाईंना ते दिसलंही नव्हतं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चेलना चहा घेऊन आली. बाईंनी कप सरकवला. "नियम आहे. रोशनी आली, वॉकर आण."

"मम्मीजी, साड्या अजून ओल्या आहेत."

"चेलना! तुझ्या साड्या मोठ्या की माझा नियम?"

साड्या खाली पडल्या. इतक्या दिवसांनी मला मोकळा वारा लागला!

"आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय," रोशनी सांगत होती. बाराव्या पावलाला बाई रडू लागल्या. पारस उचलायला धावला.

"हात लावायचा नाही!" रोशनी ओरडली. बाईंनी माझ्या मुठी इतक्या आवळल्या की मी करकरलो. पण वीस पावलं झाली. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच घटाघटा प्यायला.

चातुर्मासात त्या माझ्यासोबत स्थानकात गेल्या. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो, ताठ.

आता बाई काठीवर चालतात. मंडळातून तीनदा फोन आला. अभिमन आबा नावाचे एक म्हातारे अंथरुणाला खिळलेत, त्यांना वॉकर हवा आहे.

चेलना दर वेळी म्हणते, "उद्या पाठवते."

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद अडगळीत पडला असेल, तर आजच परत देऊन या. त्याच्यावाचून कुणाचा तरी पाय आखडत असेल. मला स्वतःहून जाता येत नाही हो. आणि या घडीला माझ्यावर चेलनाची पिवळी साडी आहे, ओली.