हात पोचत नाही ती जागा

"आता हळूहळू वर-खाली सरका, काका," दुकानातली मुलगी म्हणाली, आणि आमचे हे भर दुकानात चटईवर उताणे पडून, पाठीखाली फोमचं निळं नळकांडं घेऊन सरकू लागले. एरवी चारचौघांत पाय पसरून बसायलाही लाजणारा हा माणूस.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, हात पिशवीआड लपवून. घरून निघताना मला सांगितलं होतं की बल्ब आणायला जायचंय. बल्बचं दुकान मागे पडलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आत शिरून बघते तर चारही बाजूंना अंग रगडायची अवजारं. काट्यांचे चेंडू, चाकं लावलेल्या मुठी, आकड्यासारखी वाकलेली काठी, आणि काचेच्या कपाटात ती ड्रिल मशीनसारखी दिसणारी मसाज गन.

"कसं वाटतंय?" मुलीने विचारलं.

"झकास," हे वर बघत म्हणाले. आणि जरा थांबून, "तुमच्या छताला ओल आलीय हो. त्या पंख्याच्या शेजारी."

जन्मभर छतं रंगवलेला माणूस. उताणा पडल्यावर त्याला दुसरं काय दिसणार?

आमचे हे रंगारी. भिंती काय, कोणीही सोम्यागोम्या रंगवतो. हे छतं रंगवतात. दिवसभर शिडीवर उभं राहायचं, मान मागे टाकायची आणि उजवा हात वर ताणून रोलर फिरवायचा. त्यामुळे यांच्या उजव्या खांद्याच्या मागच्या हाडाखाली स्नायू आखडून एक गाठ झालेली आहे. लग्न झालं तेव्हा ती शर्टाच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या बटणाएवढी आहे. यांचा स्वतःचा हात तिथे पोचत नाही. वरून घातला तर थोडा अलीकडे राहतो, खालून घातला तरी अलीकडेच राहतो. देवाने माणसाच्या पाठीत एवढी एक जागा अशी ठेवली आहे की तिच्यासाठी दुसरा माणूस लागतो.

तो दुसरा माणूस मी. संध्याकाळी हे घरी आले की आधी मी तेलाच्या बोळ्याने यांच्या चेहऱ्यावरचे रंगाचे ठिपके पुसायची. मग हे पाठ करून बसायचे आणि मी अंगठ्याने ती गाठ दाबायची. आमचं बरंचसं बोलणं असं यांच्या पाठीशी झालेलं आहे. तोंडावर सांगायला जड जाईल ते सगळं मी त्या पाठीला सांगितलं. लेकीने स्वतःच लग्न ठरवलं तेही, आणि माझी आई गेली तेव्हा मला रडूच आलं नाही तेही. पाठ कधी मध्येच बोलत नाही, हा तिचा मोठा गुण.

मी शिंप्याकडे काजबटणाचं काम करायची. माझ्या अंगठ्याची कातडी सुईने इतकी टणक झाली होती की यांच्या गाठीला तोच पुरून उरायचा. पण मग संधिवाताने बोटं धरली. आधी सुई सुटली, मग कात्री सुटली. आता बरणीचं झाकणसुद्धा हे उघडून देतात. डॉक्टर म्हणाले, बोटांना आराम द्या. मी म्हटलं, देते की. दिवसभर देते. संध्याकाळचं तेवढं विचारू नका.

आणि दुकानात जायच्या आदल्या आठवड्यात हे स्वच्छ चेहऱ्याने घरी आले.

भिंत रंगवणाऱ्याच्या हातावर, कपड्यावर रंग उडतो. चेहऱ्यावर ठिपके फक्त छत रंगवणाऱ्याच्या पडतात. त्यामुळे यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं की आज यांना शिडीवरून खाली उतरवलंय. खांद्यात कळ आली आणि यांच्या हातून भरलेला रोलर सुटला, तो खाली ठेकेदाराच्याच पायाशी पडला. ठेकेदार यांच्या हाताखाली शिकलेला, म्हणून बोलला गोड. काका, आता खालच्या भिंती बघा, छतं पोरं करतील. त्या दिवशी हे जेवले नाहीत. ताटावर बसले आणि उठले.

खांदा धड करून परत वर चढायचं, हा यांचा निश्चय मला मान्य होता. माझाही तोच होता. पण फोनवरून लेकीने सुचवायचं, यांनी ठरवायचं, आणि मला बल्बच्या नावाखाली इथे आणून बसवायचं, हे मला मान्य नव्हतं. माझ्या राहिलेल्या एकुलत्या एक कामासाठी दुसरं कोणी शोधायला मलाच बरोबर घेऊन आले होते.

मुलगी बिचारी नीट समजावत होती. दुखणं कुठे आहे, तिथे आपला हात जातो का, किती दाब सोसतो, ते बघून वस्तू घ्यायची. पण यांचं लक्ष काचेच्या कपाटाकडे. हत्यारासारखं काही दिसलं की कामकरी पुरुष भुलतो. मसाज गन हातात घेऊन यांनी ती दोनदा घर्रकन चालवली आणि पोरासारखे हसले. मुलगी म्हणाली, "काका, पाठीच्या मधल्या भागाला ही एकट्याला जमत नाही बरं का." हे म्हणाले, "मी जमवीन." झालं. गन घरी आली.

घरी आल्यावर मी खुर्चीत जाऊन बसले. मदत करायची नाही असं मी ठरवलंच होतं. यंत्र आणलंय ना, चालवू दे.

यांनी गन डाव्या हाताने खांद्यावरून मागे नेली, पोचली नाही. काखेतून नेली, पोचली नाही. उजव्या हातात घेतली तर ज्या खांद्याला आराम द्यायचा त्यालाच कळ आली. कपाळावर घाम आला, पण हार मानतील तर हे कसले. आत गेले आणि रोलरची लांब काठी घेऊन आले. रंगाऱ्याचं डोकं एकाच दिशेने चालतं. हात पोचत नसेल तिथे काठी लावायची. यांनी गन काठीच्या टोकाला चिकटपट्टीने करकचून बांधली, बटण दाबलं आणि काठी पायात धरून टोक पाठीशी आणलं.

पुढे जे झालं ते बघून मला राग धरून बसणं फार कठीण गेलं. काठी अशी थरथरली की यांचे दात वाजायला लागले. गन पाठीवरून निसटली, कानामागे बसली, तिथून भिंतीवर आपटली, आणि खाली पडून बाथरूमच्या दारापर्यंत स्वतःच्या स्वतः गेली. मी उठून तिचं बटण बंद केलं.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "आता बसा पाठ करून."

"नाही," हे म्हणाले.

"बसा म्हणते ना."

"नाही म्हटलं ना. तुला त्रास होतो."

"मी कधी म्हटलं त्रास होतो म्हणून?"

यांनी समोरच्या कपाटाकडे बोट केलं. त्याच्या दाराला काच आहे. "मी पाठ करून बसतो तेव्हा त्यात तू दिसतेस मला. दाबताना ओठ चावतेस. परवा तर डोळ्यांत पाणी होतं. मला आराम पडतो आणि तिकडे तुझे हाल होतात. असला आराम काय चाटायचाय?"

मला वाटत होतं की पाठीला डोळे नसतात. एवढे दिवस हा माणूस काचेत बघत बसला होता आणि हूं की चूं केलं नव्हतं.  त्या क्षणी रडले असते तर जन्माची हरले असते.

"माझे हात आहेत," मी म्हटलं. "दुखले तर मी बघीन. ठेकेदारानं तुम्हाला शिडीवरून उतरवलं तेव्हा दोन घास गेले नाहीत तुमच्या घशाखाली. तोही तुमच्या काळजीपोटीच बोलला होता. मग मला का उतरवताय?"

हे काठीवरची चिकटपट्टी नखाने सोडवू लागले. मग म्हणाले, "हे माझ्या लक्षातच नाही आलं." त्या संध्याकाळी पाठ तशीच राहिली आणि आम्ही दोघंही न बोलता जेवलो. पण जेवलो.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी गन पिशवीत घातली आणि एकटीने दुकान गाठलं. मुलीने कुरकूर न करता ती परत घेतली. "काकांना नाही आणलं?" तिने विचारलं.

"पाठ त्यांची असली तरी ती जागा माझ्या ओळखीची आहे," मी म्हटलं.

या वेळी हात पिशवीआड लपवले नाहीत. तिच्या समोर काउंटरवर पालथे ठेवले आणि सांगितलं की या हातांना धरता येईल असं काहीतरी दे, पण बिनकामाचं देऊ नकोस. तिने बोटांकडे नीट बघितलं, आणि चेहऱ्यावर दया वगैरे काही आणली नाही. तिथेच ती मला आवडली.

आधी तिने ती आकड्यासारखी काठी काढली. खांद्यावरून टाकायची, खाली ओढायची, टोकाचा गोळा बरोबर त्या जागी बसतो. मी माझ्याच पाठीवर करून पाहिलं. खरंच बसला. कोणाची मदत लागत नाही. "घरी एकटं असणाऱ्यांना ही सगळ्यात बरी," मुलगी म्हणाली.

मी ती काठी थोडा वेळ हातात धरून उभी राहिले. नंतर तिच्या खुंटीला परत अडकवली. "आम्ही अजून दोघं आहोत," मी म्हटलं. "ही राहू दे इथेच."

मग चेंडू बघितले. बोटांनी दाबून माझ्या काही लक्षात येईना, म्हणून एकेक चेंडू भिंतीला लावला आणि कोपराने दाबला. मऊ होता तो नुसताच चेपला, यांची गाठ त्याला दाद देणार नाही. काट्यांचा होता तो टोचला, त्याला आत शिरण्यापेक्षा ओरबाडण्याची हौस. शेवटचा रबरी, घट्ट, काळा. कोपराखाली जरासा दबला आणि मग तिथेच ठाम राहिला. माझा जुना अंगठा असाच होता.

"पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरायचा," मुलीने सांगितलं. "पण घासायचं नाही हं मावशी. गाठीवर ठेवायचा आणि थांबायचं, सावकाश श्वास सोडायचा. हाडावर नाही, मणक्यावर तर नाहीच. हाताला मुंग्या आल्या तर लगेच बंद."

मी एवढी वर्षं खसाखसा घासत आले होते. ओठांवर आलं होतं, अगं, तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून दाबतेय मी. पण बोलणं तिचं पटलं. मुकाट्याने चेंडू घेतला आणि घरी आले.

संध्याकाळी यांना भिंतीला टेकून उभं केलं. चेंडू एकट्याने ठेवायला गेले तर तो हाडावर गेला, मग कमरेवर उतरला, मग पलंगाखाली. तेव्हा मीच चेंडू घेऊन यांच्या समोर उभी राहिले, हात यांच्या काखेतून मागे घातला आणि मनगटाने तो वर सरकवत नेला. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हातारपणी यांना काय सुचतंय असं म्हटलं असतं. म्हणू दे. गाठ लागली तशी यांनी डोळे मिटले.

"टेका आता," मी म्हटलं. "गुडघे जरा वाकवा. हं. घासू नका, थांबा."

थांबायचं म्हटल्यावर दोघंही थांबलो. आणि माझ्या लक्षात आलं की आता बोलायला पाठ नाही. पाठ भिंतीला लागलेली, आणि समोर चेहरा, वीतभर अंतरावर. इतकी वर्षं दाबताना हा चेहरा कसा होतो ते मी कधी बघितलंच नव्हतं. कळ येते तेव्हा डावी भुवई चढते. सुटते तेव्हा ओठ लहान मुलासारखे सैल पडतात. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्या दिवशी काहीच बोलले नाही.

मग हा रोजचा नेम झाला. हळूहळू चेहऱ्याशी बोलायलाही जमू लागलं. चेहरा मध्येच बोलतो, हा त्याचा दोष, पण त्याला इलाज नाही. गाठ गेली असं मी म्हणणार नाही. आमच्याबरोबर म्हातारी झालेली ती, जाईल कुठे? पण हात खांद्याच्या वर जाऊ लागला. माझ्या मनगटाला बोटांइतकं दुखत नव्हतं, आणि जे दुखत होतं ते माझं होतं.

एका सकाळी हे शिडीचा विषय न काढता कामावर गेले. पुढचं मला नंतर कळलं. ठेकेदार म्हणाला, काका, कशाला हट्ट करता? हे म्हणाले, तू शिडी धर नाहीतर धरू नकोस, मी वर चाललो. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठेकेदाराने यांना बाथरूमचं छत दिलं. बाथरूमचं तर बाथरूमचं. मोठी दालनं पोरांनाच गेली, ती काही परत मिळायची नाहीत, हे यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

संध्याकाळी दार उघडलं आणि मी आधी चेहरा बघितला. भुवईवर, नाकाच्या शेंड्यावर, एका पापणीवर पांढरे ठिपके. यांनी चपला काढल्या आणि भिंतीला जाऊन टेकले. मी हात मागे घालून चेंडू जागेवर नेला.

बोळा बोटांत धरता येत नाही, म्हणून तेलाचं फडकं मनगटाला गुंडाळलं आणि म्हटलं, "डोळे मिटा." भुवई पुसली, नाक पुसलं. पापणीवरचा ठिपका मात्र पुसला नाही. उद्या तसेच जाऊ देत कामावर. ठेकेदाराला दिसू दे.