कोऱ्या कागदावरची उडी

मी एक जुना बॅरोग्राफ आहे, मित्रांनो. नाव जड असले तरी काम साधे आहे. हवेचा दाब वाढला की माझी लेखणी वर सरकते, घटला की खाली येते. एका घड्याळजीने मला घडवले. पातळ पत्र्याच्या सात डब्यांतली हवा काढून त्याने त्या एकावर एक बसवल्या, त्यांना पितळी दांडी जोडली आणि दांडीच्या टोकाला नखाएवढी लेखणी लावली. लेखणीपुढे कागद गुंडाळलेला नळकांड्यासारखा डबा असतो. तो आठवड्यात एक फेरी मारतो. मला तोंड मात्र त्याने दिले नाही. त्याचे तेव्हा काही वाटले नाही.

तिथून मी एका लहान विमानतळाच्या हवामान कक्षात आलो. पश्चिमेला एक खिडकी, एक टेबल, एक फोन आणि नोंदवही. कक्ष सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, कारण त्यांची धाकटी बहीण तिथेच विमान चालवायला शिकत होती आणि दिवसभर “ताई, ताई” करत असे. पुढे ती रुग्णांना शहरात आणणारे छोटे विमान चालवू लागली.

शिकत असताना एकदा धाकटीने विचारले होते, “वादळ नेमकं होतं कसं गं?”

ताईने टेबलावर रुमाल पसरला आणि पट्टी त्याच्याखाली सरकवली. “ही पट्टी म्हणजे थंड हवा. जड असते, जमिनीलगत येते आणि पाचरीसारखी गरम, दमट हवेखाली घुसते. गरम हवेला वर उठण्यावाचून गत्यंतर नसतं.”

“म्हणजे आपली आत्या. ती दारात दिसली की सगळे आपोआप उठून उभे.”

ताईला हसू आवरेना. “हो. वर गेलेली वाफ गार होऊन ढग बनते. त्यात वाफेतली उष्णता बाहेर पडते, म्हणून हवा आणखी वर जाते. ढग डोंगराएवढा झाला की त्यातून पाऊस आणि गार हवा धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. उतरताना त्यात सापडलीस तर आधी समोरून वारा येईल, विमान उचललं जाईल. तुला वाटेल, छान. लगेच तो वरून दाबेल आणि मग पाठीमागून येईल. पंखांखालचा आधारच जाईल.”

“आणि हे आधी कळतं कसं?”

ताईने माझ्या काचेवर बोट ठेवले. “जड हवा जवळ आली की दाब एकदम चढतो. पुष्कळदा वारा यायच्या पाचेक मिनिटं आधी हा उडी मारतो.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे वाक्य. त्यानंतर कितीतरी वेळा मी उडी मारली, ताईने विमानांना सूचना देणाऱ्या टॉवरवरच्या काकांना फोन लावला आणि विमाने आकाशातच थांबली.

मग भिंतीवर संगणकाचा नवा पडदा आला. तो हुशार होता, पण दाबाचे आकडे दर दहा मिनिटांनी बदलत असे. माझ्या शाईची मागणी भांडारातून परत आली. “जुन्या खोक्याला शाई कशाला?” असा शेरा होता. ताईने पुन्हा मागितली, पुन्हा तेच. माझी लेखणी सुकली. ताई सोमवारी मला चावी मात्र देत राहिली. मी कागदावरून कोरडाच फिरत राहिलो.

त्या दुपारी मोठ्या केंद्राचा निरोप होता की थंड हवेची आघाडी पाच वाजता पोहोचेल. चार वाजून पाच मिनिटांनी धाकटी एका रुग्णाला घेऊन उतरायला निघाली. पश्चिम काळवंडली होती, पण वारा पडला होता. ताई पडद्यासमोर बसली होती. आकडा जागचा हलत नव्हता.

आणि माझ्या डब्या दबल्या. लेखणी झर्रकन वर गेली.

मी लिहिले, मित्रांनो. जीव तोडून लिहिले. कागदावर काही उमटले नाही. ताई माझ्यापासून दोन हातांवर होती, तिची पाठ माझ्याकडे होती. एक मिनिट गेले. दोन गेली. मला किंचाळायचे होते आणि माझ्याजवळ फक्त एक कोरडे टोक होते. खिडकीबाहेर गवताचे पाते हलत नव्हते. तीन मिनिटे. चार.

नोंदवही घ्यायला ताई वळली. तिची नजर लेखणीवर गेली, कोऱ्या कागदावर गेली, परत लेखणीवर आली. तिने फोन ओढला.

“काका, तिला वर घ्या. आत्ता. दाब चढलाय.”

टॉवरवरच्या काकांनी का, कसे, काही विचारले नाही. ताईच्या कानाशी फोन तसाच होता. त्यातून काकांचा रेडिओवरचा आवाज येत राहिला, “उतरू नकोस बाळ, वर घे, वर घे,” आणि त्याच वेळी खिडकी वाऱ्याने थाडकन उघडली. धुळीतून विमान दिसले. ते उचलले गेले, नाक वर होते, इंजिन पूर्ण जोरात होते, तरी ते खाली खाली येत होते. धावपट्टीच्या कडेला ते आपटले, एक चाक निखळले आणि ते गवतात फरपटत गेले.

रुग्ण वाचला. धाकटीही वाचली, पण तिच्या कमरेचे हाड मोडले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी माझा कागद उलटसुलट पाहिला. “हा तर कोरा आहे, बाई.”

“उडी मारली होती त्याने,” ताई म्हणाली. “शाई नव्हती. मी दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागायला हवी होती, नाहीतर स्वतः आणायला हवी होती. तेही लिहा.”

त्यानंतर ताई जेवेना, कुणाशी बोलेना. तीन महिन्यांनी धाकटी कुबड्या टेकत कक्षात आली. डॉक्टरांनी तिला आता विमान चालवता येणार नाही असे सांगितले होते. ती ताईच्या शेजारी बसली.

“काकांचा आवाज आला तेव्हा माझ्याकडे अर्धं मिनिट होतं, ताई. म्हणून इंजिन पूर्ण जोरात घेता आलं. नाहीतर आम्ही दोघंही उरलो नसतो.”

“पाच मिनिटं होती गं तुझी,” ताई म्हणाली. “साडेचार माझ्या पाठीमागे गेली.”

धाकटीने तिचा हात हातात घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी पुष्कळ मुकी उपकरणे आहेत. आम्हाला पुसले-मिरवले नाही तरी चालेल, पण कामापुरते तरी धड ठेवा. आणि कितीही घाईत असलात तरी एकदा वळून बघा. आम्हाला तुम्हाला हाक मारता येत नाही.